ही पुन्हा रुसली

हर्बेरियमच्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयाच्या, क्युरेटर बाईंचा एक नियम होता, आणि आल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी त्या तो ऐकवत. झाड कितीही सुबक वाळवलेलं असो, ते कुठून आणलं आणि कधी आणलं हे सोबत लिहिलेलं नसेल तर तो नमुना नव्हे. तो पाचोळा.

"पाचोळ्याला माझ्याकडे कपाट नाही," असं म्हणून त्या चष्म्यावरून समोरच्याकडे अशा बघत, की आपल्या अंगावर तरी जागा आणि तारीख लिहिलेली आहे ना, हे त्याला चाचपून पाहावंसं वाटे.

बाबांनी त्यांना टाचणीबाई असं नाव ठेवलं होतं. तोंडावर नव्हे, घरी जेवताना. दर शनिवारी ते हर्बेरियममध्ये जाऊन दुसऱ्यांनी आणलेल्या फांद्या कागदावर शिवून द्यायचे, फुकट, आणि टाचणीबाईंच्या चार टाचण्या खाऊन संध्याकाळी खुशीत घरी यायचे. बाबा जाऊन चार महिने झाले होते. आता त्यांनी स्वतः जमवलेली त्रेसष्ट झुडपं घेऊन त्यांची लेक त्याच टाचणीबाईंसमोर बसली होती.

त्रेसष्ट झुडपं म्हणजे त्रेसष्ट वाळलेल्या फांद्या. प्रत्येक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत, प्रत्येक घडीत बाबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी, आणि सगळ्यांचे मिळून सुतळीने बांधलेले सात गठ्ठे. तारखा चोख होत्या. पंचाईत जागेची होती. बाबांनी चौतीस वर्षं भूमापन कार्यालयात नकाशे काढले. कुठल्या विहिरीपासून कुठलं वळण किती हातांवर, हे त्यांच्याइतकं नेमकं सांगणारं माणूस त्या कार्यालयात दुसरं नव्हतं. पण रविवारी फिरायला निघाले की ते कामावर नसत, आणि नकाशेही नसत.

बाईंनी वरची चिठ्ठी उचलून वाचली. "'भुंग्याचा बूट हरवला तिथे.' हे कुठे आलं?"

"भुंगा म्हणजे मी," लेक म्हणाली. "लहानपणी सारखी गुणगुणायचे म्हणून."

"ते ठीक आहे. बूट कुठे हरवला?"

"ते आठवलं असतं तर सापडला असता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. नवी लोखंडी कपाटं आली होती. महिनाअखेरीला या वर्षाची नोंदवही बंद होणार होती, आणि वहीत जेवढे नमुने तेवढेच खण वाटले जाणार होते. "वीस दिवस आहेत. ज्याची जागा सापडेल ते आत. बाकीचं मी ठेवून घेऊ शकत नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "बारा वर्षं सांगत होते मी त्यांना, की घरचे गठ्ठे आणा, लेबलं करून टाकू. तर म्हणायचे, एकाचं फूल यायचंय अजून. ते आलं की सगळे एकदमच आणतो."

लेकीने गठ्ठे पुन्हा बांधले. ती एका प्रकाशनात मुद्रितं तपासायची. एकदमच आणतो असं सांगून वर्षानुवर्षं न येणारे लेखक तिला ठाऊक होते. त्यांतले एक आपल्या घरातच होते, हे तिला नवीन होतं.

जेवणाच्या टेबलावर सात गठ्ठे ठेवले तेव्हा आईने आधी टेबल पुसून घेतलं, मग गठ्ठे पुसायला घेतले. लेकीने फडकं काढून घेतलं.

आई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली. कोण कधी काय म्हणालं, हे तिच्या डोक्यात कायमचं जोडलेलं असायचं आणि मधली लाइन कधी तुटायची नाही. या कामाला तिच्याइतकं लायक माणूस नव्हतं, फक्त तिला प्रत्येक चिठ्ठीवर आपलं म्हणणं नोंदवायचं असे.

"'ही घसरली तिथे,'" लेकीने वाचलं.

"जुन्या पुलाच्या वरच्या अंगाची उतरण. नदीचा डावा काठ. आणि मी घसरले नव्हते, यांनी हात सोडला होता."

लेकीने लिहिलं: जुना पूल, वरचं अंग, डावा काठ.

"हात सोडला, तेही लिही."

"लेबलवर मावत नाही आई."

"घसरली ते बरं मावलं."

'डबा विसरलो तिथे' म्हणजे दगडाची खाण. 'भुंग्याने अजून किती लांब असं सत्तावन्न वेळा विचारलं तिथे' म्हणजे रेल्वेच्या जुन्या फाट्यापलीकडचा माळ. आईच्या मते विचारणं शंभराच्या वर गेलं होतं, यांनी नेहमीप्रमाणे मुलीची बाजू घेतली होती. बुटाची जागा टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ निघाली.

"दुसरा बूट मी दोन वर्षं ठेवला होता," आई म्हणाली. "पहिला मिळाला तर असावा म्हणून."

"मग?"

"मग काय. तुझा पाय मोठा झाला."

असं करत बारा दिवसांत बावन्न फांद्यांना जागा मिळाली. त्या निमित्ताने दोघी रोज संध्याकाळी दोन तास एकमेकींच्या चुका काढत बसल्या, आणि घरात गेल्या चार महिन्यांत झालं नव्हतं एवढं बोलणं झालं. राहिला शेवटचा गठ्ठा. त्यात अकरा घड्या होत्या. लेकीने पहिली चिठ्ठी काढली.

"'ही रुसली.'"

"कुठे?" आईने विचारलं.

"एवढंच आहे." तिने दुसरी काढली. "'ही पुन्हा रुसली. तिथेच.'" तिसरी काढली, आणि वाचायला नको होती असं वाचल्यावर तिच्या लक्षात आलं. "'यंदाही रुसलेलीच. किती दिवस चालायचं हे.'"

आईने टेबलावर सांडलेला पानांचा चुरा बोटाने एकत्र केला.

"मी कधी रुसले?"

लेक फांदीकडे बघत राहिली.

"मी विचारतेय, मी कधी रुसले?"

"आई, मी कुठे काय म्हटलं."

"तू नाही म्हटलंस. लिहून ठेवलंय." आई उठली. "तारीख घालून लिहून ठेवलंय. त्या गठ्ठ्याला मी हात लावणार नाही."

ती आत गेल्यावर लेकीने बाकीच्या चिठ्ठ्या मनातल्या मनात वाचल्या. अकरा वर्षांच्या अकरा, सगळ्या एकाच महिन्याच्या एकाच आठवड्यातल्या. दहाव्या चिठ्ठीवर होतं, 'ही तोंड उघडायला तयार नाही.' अकराव्या चिठ्ठीवर, 'हिच्यापुढे हात टेकले. पुढच्या वर्षी बघू.'

आता या घरात 'ही' या शब्दाला एकोणचाळीस वर्षं एकच अर्थ होता. दारात वीजवाला आला की 'हिला विचारतो'. फोनवर 'ही बाहेर गेलीय'. दुकानात रंग पसंत पडला तरी 'हिला दाखवून सांगतो'. परक्यांच्या हस्तलिखितांत सर्वनामाला पेन्सिलीने गोल करून समासात 'ही म्हणजे कोण?' असं लिहिणं हा लेकीचा रोजचा धंदा होता, आणि त्यावरून दोन कादंबरीकारांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. पण बापाच्या अक्षरातल्या 'ही'भोवती गोल काढायचं तिला सुचलं नाही. तिथे शंकेला जागाच नव्हती.

पुढचे दोन दिवस आई फक्त हो आणि नाही एवढंच बोलली. चहा वेळेवर येत होता, पण कप टेबलावर टेकताना जरा मोठा आवाज करत होता.

"आई, रुसलीस?"

"मी कशाला रुसू," आई म्हणाली. "माझी नोंद झालेली आहे."

हर्बेरियममधली खोली लांब आणि थंड होती. लेकीने रजा टाकली आणि बावन्न फांद्या जाड पांढऱ्या कागदावर बसवायला घेतल्या. हे काम बाबा दर शनिवारी इथेच करायचे. फांदी अशी ठेवायची की पानाची वरची बाजू दिसेल आणि एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे खालचीही दिसेल. काडी जाड असेल तिथे सुई-दोऱ्याचा टाका, पान नाजूक असेल तिथे कागदाची पट्टी. गळलेलं बी छोट्या पाकिटात. वरून वाळूच्या पिशव्यांचं वजन. लेकीचे टाके पहिल्या दिवशी लांब पडत होते. बाई मागून येऊन एक टाका उसवून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी काही उसवलं नाही. त्या खोलीत याला शाबासकी म्हणत असावेत.

लेकीने शेवटच्या अकरांची लेबलंही भरली होती. जागेच्या रकान्यात 'अज्ञात'.

"मूळ चिठ्ठ्या कुठे आहेत यांच्या?" बाईंनी विचारलं.

"त्या घरगुती आहेत."

"चिठ्ठी घरगुती नसते, नमुन्याची असते. ज्याने आणलं त्याने जे लिहिलं ते शीटवर चिकटवायचं. चुकीचं असलं तरी. आपण खोडायचं नाही, सुधारायचं नाही. आपल्याला काही नवीन सांगायचं असेल तर शेजारी दुसरी चिठ्ठी."

चिठ्ठ्या लेकीच्या पर्समध्ये होत्या. तिने त्या दिल्या नाहीत. "माझ्या आईची बदनामी आहे त्यात."

"मी चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचतेय. आणा इकडे."

बाईंनी अकराही चिठ्ठ्या टेबलावर तारखेने ओळीत लावल्या. चौथीला त्यांनी चष्मा काढला. आठवीला खालचा ओठ दाताखाली धरला. अकराव्या चिठ्ठीला त्यांचे खांदे हलायला लागले. त्या खोलीत बाई हसताना दिसणं ही एवढी नवलाची गोष्ट होती, की पलीकडे कागद कापणाऱ्या मदतनीस बाईंनी कात्री खाली ठेवली.

"ही म्हणजे तुम्हाला कोण वाटली?"

"आई. दुसरी कोण असणार?"

"अहो, ही." बाईंनी बोट फांदीवर ठेवलं. "ही कुंपणी. झुडूप. फूल नाही, कळी नाही, नुसती पानं दाखवून परत पाठवते, तिला आम्ही इथे रुसली म्हणतो. हा शब्दच तुमच्या बाबांचा. त्यांनी आणला आणि आता विद्यार्थीसुद्धा प्रबंधात लिहितात, मला कापावा लागतो."

एक सर्वनाम. जिचं पोट सर्वनामांवर चालतं, तिने अकरा वेळा चुकीचं वाचलं होतं, आणि आईला वाचून दाखवलं होतं.

बाई आता कामाचं बोलायला लागल्या. कुंपणी दोन प्रकारची. साधी, म्हणजे कुठल्याही कुंपणाला लागलेली दिसते ती. आणि डोंगरी, म्हणजे साठ वर्षांत या बाजूला कुणी पाहिलेली नाही अशी. साधीचं पान रुंद, डोंगरीचं अरुंद आणि लवदार. ही पानं अरुंद होती. पण पान जमिनीप्रमाणे बदलतं, त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दोघींमधला खरा फरक फुलातच. "म्हणून ते थांबले होते तर," बाई म्हणाल्या. "मला एका शब्दाने बोलले नाहीत. डोंगरी निघाली असती तर इथे टेबलावर आणून आपटणार होते, दुसरं काय."

"मग ही अकरा आत जातील ना?"

"जागेशिवाय नाही." नियमाला हसण्याने फरक पडला नव्हता. "आणखी पाच दिवस आहेत. आणि आईंना सांगा की..." बाईंनी विचार केला. "नको. तुम्हीच काय ते सांगा."

आईने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना ती भाजी निवडत होती आणि तिने एकही देठ चुकीचा तोडला नाही.

"म्हणजे मी नाही."

"तू नाहीस."

"काटकी."

"कुंपणी."

"एकोणचाळीस वर्षं मी समजत होते, घरात एकच ही आहे," आई म्हणाली. "आणि हे बाहेर जाऊन एका काटकीला ही म्हणत होते."

"काल तू आहेस म्हणून राग होता. आज तू नाहीस म्हणून."

"ते दोन वेगवेगळे राग आहेत. तुला लग्न केल्याशिवाय कळायचं नाही." तिने हात पुसले. "आण तो गठ्ठा. बघू तरी, आहे कशी एवढी."

लेकीने पहिली घडी उलगडून समोर ठेवली. आईने मान तिरकी करून, नाक जरासं वर चढवून, फांदी पाहिली. "पानं तरी काय, अशी मोजून मापून." मग तिची नजर फांदीवरून खालच्या वर्तमानपत्रावर गेली आणि तिथेच थांबली. कोपऱ्यात शब्दकोडं होतं, हिरव्या शाईने सोडवलेलं.

"आडवा शब्द चौथा," आईने वाचलं. "रात्री फिरणारा, चार अक्षरी. उत्तर, चौकीदार."

"निशाचर असेल ना ते?"

"असेल. पण चौकीदार बसतंय चार घरांत, आणि बसलं की माझ्या दादाला पुरे." आईने दुसरी घडी ओढली, मग तिसरी. प्रत्येकीत हिरवी शाई होती, आणि एकही कोडं बरोबर सुटलेलं नव्हतं. "ही दादाच्या घरची रद्दी आहे. तारीख काय आहे म्हणालीस?"

लेकीने तारखा सांगितल्या. त्या तिने आधी एकदाही मोठ्याने वाचल्या नव्हत्या. तिसऱ्या चिठ्ठीलाच आई उठून गेली होती.

"यांची वार्षिक रजा," आई म्हणाली. "तेव्हा एक्स्चेंजमध्ये हिशोब तपासणी असायची, मला सुटी मिळायची नाही. हे एकटेच दादाकडे जाऊन चार दिवस राहायचे. दर वर्षी." तिने हातातली घडी मिटली. "मी सगळ्यांना सांगत फिरायचे, आमच्या यांना माझ्या माहेराची ओढ माझ्याहून जास्त."

लेकीने हसू दाबण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. मग आईचाही फसला.

मामांना फोन लावला. ते ऐकायला कमी येतं असं सांगत, पण ते फक्त नको असलेल्या गोष्टींपुरतं होतं.

"झुडूप? कसलं झुडूप? भाऊजी बुद्धिबळ खेळायला यायचे माझ्याकडे."

"दादा, सकाळचे कुठे जायचे ते आठव."

"सकाळी फिरायला. जुन्या चुनाभट्टीच्या मागे, तासभर. परत यायचे ते तोंड पाडून. मला वाटायचं, आदल्या दिवशी माझ्याकडून हरले त्याचं मनाला लावून घेतलंय. म्हणून मी दुपारी पुन्हा डाव मांडायचो."

"जिंकायचं कोण?" लेकीने विचारलं.

"मीच. दर वर्षी." मग मामा जरा खालच्या आवाजात म्हणाले, "म्हणजे लक्ष नव्हतं की काय त्यांचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दोघी गेल्या. बस दोन तासांची. आईने खिडकीची जागा घेतली आणि बाबांचा झाडं दाबायचा प्रेस, दोन लाकडी जाळ्या आणि त्यांना आवळायचे पट्टे, लेकीच्या मांडीवर दिला. मामा स्टॅंडवर उभेच होते. त्यांनी बहिणीकडे एकदा पाहिलं, "बारीक झालीस" म्हणाले, आणि मग सगळी वाट काठीने रस्त्यातले खड्डे दाखवत पुढे चालले, जणू खड्डे त्यांनी स्वतः पाडून घेतले होते.

चुनाभट्टीचा नुसता गोल उरला होता. मागच्या उतरणीचा अर्धा भाग कुणीतरी कौलांच्या गोदामासाठी सपाट केला होता. लेक भराभर पुढे गेली. उरलेल्या अर्ध्या भागात पांढुरक्या मातीत कमरेएवढी सहा-सात झुडपं होती. एकाच्या बुंध्याला तारेने पत्र्याचा तुकडा बांधलेला होता, त्यावर खिळ्याने ठोकून काढलेला एकचा आकडा. नकाशावर असतो तसा, खाली छोटी आडवी रेघ असलेला.

लेकीने तो हातात धरला. गार होता. तिने वहीत लिहायला सुरुवात केली: भट्टीपासून उतरणीने साठ पावलं, तोंड उत्तरेला, चुनखडीची माती.

आई येऊन झुडपासमोर उभी राहिली. पदराने कपाळ पुसत तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हीच का ती."

"हीच."

झुडपावर पानांशिवाय काही नव्हतं. आईने एक फांदी वाकवून पाहिली, सोडून दिली. "कुठल्याच महिन्यात फुलत नाही, असं तर नसेल ना?"

"असं कसं असेल. बी तर होतच असणार, एवढी झुडपं आली कुठून?"

"मग यांनी अकरा वर्षं काय केलं? त्याच आठवड्यात आले. का, तर रजा तेव्हा मिळायची." आईचा आवाज एक्स्चेंजमधला झाला, ठाम आणि सावकाश. "माणूस रोज दोन वाजता घरातून बाहेर पडतो. मी रोज तीन वाजता त्याला फोन लावते. अकरा वर्षं लावते. आणि उचलत नाही म्हणून त्यालाच नाव ठेवते. याला काय म्हणायचं?"

"मला सांगितलं असतं तर," मामा म्हणाले. "मी बारा महिने इथेच असतो. येता-जाता बघितलं असतं."

"तुला सांगितलं असतं तर तू इथे पट मांडून बसला असतास."

मामांना हे ऐकायला आलं नाही.

लेक वहीत लिहीत राहिली. बाबा दरवर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर एकच पाणवठा मोजून त्यातला फरक काढणारे गृहस्थ होते. हंगामाची गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नसेल, हे तिला खरं वाटेना. पण एखाद्याला आपलं काम सांगायचं, महिन्या-महिन्याने आठवण करून द्यायची, हे त्यांच्याने झालं नसतं. त्यापेक्षा ते डाव हरले असते. हे ती बोलली नाही. आईला आत्ता भांडायला मिळत होतं, आणि समोरची बाजू उत्तर देत नसल्याने ती जिंकत होती.

महिनाअखेरीच्या एक दिवस आधी अकरा शीट बाईंच्या टेबलावर गेली. जागा छापलेली, तारीख छापलेली, शेजारी बाबांची चिठ्ठी जशीच्या तशी. नावाच्या रकान्यात बाईंनी पेन्सिलीने लिहिलं, 'कुंपणी, साधी किंवा डोंगरी'. "पेन्सिल पुसायला लावू नका मला फार दिवस," त्या म्हणाल्या. "अर्धवट नावाचं काही मी वर्षाच्या वर ठेवत नाही. फूल आणा."

त्यानंतर आईने दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी माहेरी जायचा नेम धरला. मधल्या आठवड्यांत मामांची रोज सकाळी फेरी असे आणि दुपारी बातमीपत्र येई: काही नाही, एक बकरी होती, हाकलली, काही नाही, टोकाला काहीतरी आहे पण ते कोळ्याचं घर निघालं. मामा म्हणे बुद्धिबळाचा पट घेऊन तिथे एकदा बसलेही होते, एकटेच, दोन्ही बाजूंनी खेळत. आईने विचारलं, कोण जिंकलं. ते म्हणाले, सांगणार नाही.

चौथ्या महिन्यात फूल आलं. हिरवट, जोंधळ्याच्या दाण्याएवढं, शोधल्याशिवाय दिसणार नाही असं. आईने फांदी स्वतः कापली, मामांच्या वर्तमानपत्रात स्वतः घातली, पट्टे एवढे आवळले की लेकीला ते सोडवायला पक्कड लागली.

बाईंनी एक फूल गरम पाण्यात भिजवलं, दोन सुयांनी उलगडलं आणि भिंगाखाली घेतलं. मग दुसरं घेतलं. आई आणि लेक उंच स्टुलांवर शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईचे पाय जमिनीला टेकत नव्हते. वीस मिनिटांनी तिसरं फूल बघून झाल्यावर बाईंनी भिंग बाजूला केलं आणि चष्मा नसतानाही तो पुसायला हात डोळ्यांशी नेला.

"साधी आहे," त्या म्हणाल्या.

लेकीने मान हलवली.

"चुनखडीमुळे पान बारीक झालंय. कुणीही फसलं असतं. मीही." बाईंना असं काही बोलायची सवय नव्हती आणि ते कळत होतं.

"तुमच्याकडे हिची किती आहेत?" आईने विचारलं.

"चौऱ्याण्णव शीट."

"मग आमच्या अकरांचं काय? बाहेर?"

"बाहेर कशाला? जागा आहे, तारीख आहे, फूल आहे." बाईंनी खणातून कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, 'साधी कुंपणी' असं शाईने लिहिलं, खाली सही केली, आणि बाबांच्या पहिल्या चिठ्ठीच्या शेजारी, तिला न झाकता, चिकटवली. मग दुसऱ्या शीटवर. अकरा वेळा. बाराव्या, आईने कापलेल्या फांदीच्या शीटवर लिहिताना त्यांनी मान वर केली. "एकाच झुडपाची, एकाच आठवड्यातली, ओळीने अकरा वर्षांची शीट माझ्याकडे दुसऱ्या कुठल्याच झाडाची नाहीत. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कोण एवढं जातं?"

"कुठे कुठे असते म्हणालात ही?" आईने विचारलं.

"कुठेही. आमच्या फाटकाच्या कुंपणालासुद्धा आहे."

निघताना दोघी फाटकाशी थांबल्या. तारेच्या जाळीतून डाव्या हाताला कुंपणी वर चढलेली होती, रुंद पानांची, धुळीने माखलेली, आणि टोकापासून बुडापर्यंत हिरवट फुलांनी भरलेली. बाबा दर शनिवारी दोनदा तिच्यावरून जात. सायकल इथेच टेकून ठेवत असणार. जाळीला तिथे एक खोलगट पोचा पडला होता.

आई बघत राहिली आणि मग तिला हसू आलं. आधी आवाज न करता, मग पर्स काखेत दाबून, भिंतीचा आधार घेऊन. लेकही हसली. फाटकावरचा पहारेकरी काय झालं ते बघायला बाहेर आला आणि दोन बायका कुंपणाकडे बघून हसतायत एवढंच दिसल्यावर परत आत गेला.

"हे पहिल्याच वर्षी कळलं असतं, तर दुसऱ्या वर्षी हे दादाकडे गेलेच नसते," डोळे पुसत आई म्हणाली. "तो बिचारा एकटाच जिंकत बसला असता."

"हो."

रस्त्यावर त्यांची बस येऊन उभी राहिली, माणसं उतरली, चढली. दोघींपैकी कुणी हललं नाही.

"यांना सांगायला हवं होतं गं हे," आई म्हणाली.

लेकीने तिच्या खांद्यावरचं वाळकं पान काढलं. बस निघून गेली.

"आणि सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं," आई थोड्या वेळाने म्हणाली. "डोंगरीच म्हणाले असते."